दंडातली सुई, डब्यातलं प्रोटीन आणि आपली शंका

हा लेख मी कैक वर्षं टाळला. आपल्यातला माणूस दुसऱ्यांच्या चुका लिहितो तेव्हा पेन कसं झरझर चालतं. स्वतःची चूक लिहायची म्हटलं की शाई वाळते. पण ज्या सवालावर लिहायचं आहे तो माझ्या घरातूनच सुरू झाला. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आमचं गाव मंगरूळपीर तालुक्यातलं, जिल्हा वाशिम. 2021 च्या 1 मार्चला साठीच्या पुढच्या लोकांना कोरोनाची लस सुरू झाली. त्याच आठवड्यात विहारात बैठक होती. बोलायला मी उभा राहिलो. दहा पुस्तकं वाचलेला, शहरात चार वर्षं काढलेला, मोर्चे काढलेला कार्यकर्ता. मी म्हणालो, "आजवर प्रयोग कोणावर झाले? आपल्यावर. सुई आधी कोणाच्या दंडात घुसते? आपल्या. म्हणून घाई करू नका." टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की माणसाला आपण खरं बोललो असं वाटतं.

बैठक सुटल्यावर मोठीमाय आली. माझ्या मोठ्या बाबांची बायको. मला अर्धं तिनंच वाढवलं. ती म्हणाली, "आशाबाई उद्या गाडी पाठवतो म्हणते. जाऊ का मी? तू शिकेल हायस बावा, तू सांगशीन तसं करीन."

मी म्हणालो, "थांब थोडी. आधी त्यायच्या लोकायले घेऊ दे."

ती थांबली. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात ती गेली. एका दवाखान्याच्या व्हरांड्यात, खाटेची वाट पाहत. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. त्या दिवसांत सगळ्याच दवाखान्यांचे व्हरांडे सारखे होते.

मार्चमध्ये तिनं एक डोस घेतला असता तर ती वाचलीच असती, असं छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही. एका डोसनं जोखीम कमी होते, संपत नाही. शिवाय एप्रिलमध्ये लशीचा तुटवडा होता, ऑक्सिजनचा होता, खाटांचा होता. त्या सगळ्याला मी जबाबदार नाही. पण तिच्या मरणाचा हिशेब कोणी मांडला तर त्यात माझा एक शब्द आहे. "थांब." तो शब्द मला खोडता येत नाही.

आता खरा सवाल असा : त्या दिवशी मी खोटं बोललो होतो का?

नाही. हेच तर सलतं. त्या बैठकीत मी सांगितलेली एकेक गोष्ट खरी होती.

मी आणीबाणीतली नसबंदी सांगितली. 1976 साली महाराष्ट्राच्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक पास केलं होतं. त्याला केंद्राची मंजुरी मिळाली नाही म्हणून कायदा झाला नाही. पण सक्ती व्हायची ती देशभर झालीच, आणि तिच्या जाळ्यात गरीबच आधी सापडला. आपल्या म्हाताऱ्या सरकारी सुई दिसली की अजून पदर सावरतात, त्यांच्या आठवणीत काहीतरी आहे म्हणूनच.

मी खम्मम सांगितलं. 2009 साली आंध्रच्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातच्या वडोदऱ्यात गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगावरची लस हजारो मुलींना टोचली गेली. त्यात आदिवासी पोरी होत्या, आश्रमशाळा-वसतिगृहांतल्या होत्या. कित्येकींच्या संमतीच्या कागदावर आईबापाच्या नव्हे, वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या. सात मुली दगावल्या. एप्रिल 2010 मध्ये ते काम थांबवावं लागलं. 2013 साली संसदेच्या समितीनं त्यावर कडक अहवाल दिला.

मी शेजारच्या यवतमाळचंही सांगितलं. 2021 च्या जानेवारीअखेर घाटंजी तालुक्यात बारा लेकरांच्या तोंडात पोलिओच्या थेंबाऐवजी हात धुवायचं सॅनिटायझर गेलं. लेकरं वाचली. पण असली चूक कुठल्या वस्तीत होते, हे आपल्याला माहीत आहे.

आणि हेही सांगितलं की दोन लशींपैकी एकीला, कोवॅक्सिनला, जानेवारीत परवानगी मिळाली तेव्हा तिच्या तिसऱ्या टप्प्याचे निकाल हाती आले नव्हते. तेही खरं होतं.

चारही गोष्टी खऱ्या. निष्कर्ष खोटा. असं कसं होतं?

पुष्कळ रात्री विचार केला तेव्हा कळलं की मी दोन सवाल एकात कालवले होते. पहिला सवाल : हे औषध काम करतं का? दुसरा सवाल : हे औषध देणाऱ्यानं मला माणूस मानलं का? दुसऱ्याचं उत्तर "नाही" आलं की आपण पहिल्याचंही "नाही" लिहून मोकळे होतो. आपला अपमान झाला, म्हणून वस्तू वाईट. पण अपमान करणाऱ्याच्या हातातलं पाणीही पाणीच असतं. चवदार तळ्याचं पाणी आपल्याला नाकारलं होतं म्हणून बाबासाहेब असं म्हणाले नाहीत की ते पाणीच विषारी आहे. 20 मार्च 1927 ला ते ओंजळीनं प्याले. भांडण पाण्याशी नव्हतं, मालकीशी होतं.

खम्ममचंच पुन्हा पाहा. चौकशीत त्या मुलींच्या मरणाची कारणं निघाली : कोणी पाण्यात बुडून, कोणी साप चावून, कोणी कीटकनाशक पिऊन, कोणी मलेरियानं. लशीनं मेल्या असं निष्पन्न झालं नाही. हे वाचून मी आधी चिडलो. मग यादी पुन्हा वाचली. साप, विष, पाणी, मलेरिया. आदिवासी पोरीच्या मरणाची ही नेहमीचीच यादी. तिच्यासाठी कधी समिती बसत नाही. लशीचा संबंध आला म्हणून बसली.

म्हणजे खम्ममात दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. लशीनं मारलं असं दिसलं नाही, आणि संमती ही थट्टा होती. ज्याला फक्त पहिली गोष्ट ऐकू येते तो सरकारी भाट होतो. ज्याला फक्त दुसरी ऐकू येते तो माझ्यासारखा विहारात उभा राहून टाळ्या घेतो. गर्भाशयमुखाचा कर्करोग कोणाच्या बाईला गाठतो? जिची कधी तपासणीच होत नाही तिला. ती आपलीच बाई. लस नको म्हटलं तर ती मरते, संमती नको म्हटलं तर तिला ढोर मानलं जातं. म्हणून आपली मागणी दोन्हींची पाहिजे. लसही पाहिजे आणि विचारणंही पाहिजे.

हा घोळ आजचा नाही. जरा मागं जाऊ.

देवीची लस या देशात 1802 साली मुंबईत आली. तेव्हा ती बाटलीत येत नव्हती. एका लेकराच्या दंडावरच्या फोडातला लस-द्रव काढून दुसऱ्याच्या दंडात घालायचे. फोड वागवायला पोरं कोणाची मिळत? पुष्कळदा खालच्या मानलेल्या जातींची. आणि वरच्या जातींतल्या अनेकांचा आक्षेप काय होता? की त्या पोराच्या अंगातलं आमच्या अंगात येतं, आम्ही बाटतो. पुढं वासराच्या अंगावर लस तयार होऊ लागली, तर तिथं गाय आडवी आली. इंग्रजीतला व्हॅक्सिन हा शब्दच मुळी लॅटिनमधल्या गायीवरून आलेला, ही आणखी गंमत. आणि 2021 च्या जूनमध्ये काय झालं? कोवॅक्सिनमध्ये वासराचं रक्त आहे अशी आवई उठली. सरकारला खुलासा करावा लागला की पेशी वाढवायला वासराचं सीरम वापरतात, नंतर ते धुऊन काढतात, तयार लशीत ते नसतं. सव्वादोनशे वर्षं गेली, सवाल तोच. आजार किती वाचला हे कोणी विचारत नाही. बाटलो का, एवढंच विचारतात.

तेव्हा जो कार्यकर्ता लशीला "अशुद्ध", "शरीरात परकं काहीतरी घालणारी" म्हणून विरोध करतो, त्यानं आपण कोणाच्या पंगतीला बसलो आहोत ते बघावं. ज्या पंगतीतून आपल्याला उठवलं होतं, तीच ती पंगत.

1897 हे एक साल डोळ्यांपुढं आणा. मुंबई-पुण्यात प्लेग. त्या एका सालात तीन गोष्टी घडल्या. 10 जानेवारीला मुंबईत हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञानं आपण बनवलेली प्लेगची लस पहिल्यांदा स्वतःच्या अंगात टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर तिची परीक्षा झाली. कैदी आपण होऊन पुढं आले असं लिहिलेलं आहे. गजाआडच्या माणसाचं "आपण होऊन" किती खरं, हा सवाल मी इथं नोंदवून ठेवतो. दुसरी गोष्ट पुण्यात. प्लेगबंदोबस्ताच्या नावाखाली गोरे सोल्जर घराघरांत घुसून झडत्या घेत होते. आणि तिसरी गोष्टही पुण्यातच. सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेगनं तापलेलं पोर पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि 10 मार्चला त्या गेल्या.

औषध, जुलूम आणि माया. तिन्ही एकाच सालात, एकाच रोगाभोवती. सोल्जरचा राग हाफकिनच्या सुईवर काढायचा की सावित्रीबाईंच्या पाठीकडं बघून ठरवायचं? पोर तापलेलं होतं आणि ते दवाखान्यात न्यायचं होतं.

आता दुसरीकडं वळतो. तुम्ही म्हणाल, लशीचं झालं, त्यात प्रोटीन कुठून आलं? तेही आमच्या घरातूनच आलं.

मोठीमायचा नातू पोलीस भरतीची तयारी करतो. पहाटे साडेचारला शेलूबाजारच्या रस्त्यावर धावतो. वाशिम जिल्ह्यात आपल्या पोरांना दुसरं आहे तरी काय? भरती नाहीतर पुण्याची कंपनी. परवा घरी आला तर हातात हा भला मोठा डबा. प्रोटीन पावडर. किती रुपयाला? म्हणाला, "दोन हजार आठशे. मित्राकडून उसने घेतले." डब्यावर एक उघडा, फुगलेला माणूस. त्याच्या बहिणीनं विचारलं, "दादा, माह्या कॉलेजच्या पासाचे पैसे?" तो गप्प.

डब्यात काय असतं? दुधाचं चीज करताना जे पाणी निघतं त्यातलं प्रोटीन वाळवून केलेली भुकटी. वाईट नाही ते. पण डब्यावर लिहिलेलं डब्यात असतंच असं नाही. 2024 साली केरळच्या डॉक्टरांनी भारतात विकल्या जाणाऱ्या 36 पावडरी तपासून निकाल छापला. शंभरातल्या सत्तरांवरची प्रोटीनची माहिती चुकीची निघाली. त्याच वर्षी देशाच्या पोषण संस्थेनंही आपल्या आहार-सूचनांत सांगितलं की असल्या पावडरींच्या नादी लागू नका.

मी त्याला कागदावर हिशेब मांडून दाखवला. मोठ्या माणसाला दर किलो वजनामागं दिवसाला 0.83 ग्रॅम प्रोटीन पुरतं, असं आपल्याकडचं प्रमाण आहे. साठ किलोच्या पोराला पन्नास ग्रॅम. धावणाऱ्याला, घाम गाळणाऱ्याला आणखी लागतं, कबूल. आता ज्वारीचं तीनशे ग्रॅम पीठ : तीस ग्रॅम. तुरीची मूठभर, पन्नास ग्रॅम दाळ : अकरा. दोन अंडी : बारा. मूठभर शेंगदाणे : सात. साठ झाले. त्यात किराणा दुकानात मिळणाऱ्या सोयाबीनच्या वड्या पन्नास ग्रॅम टाकल्या तर आणखी पंचवीस. भरतीला एवढं बस्स झालं.

आणि एक गोष्ट डब्यावर लिहिलेली नसते. पोट अर्धं रिकामं असेल तर शरीर प्रोटीनचा स्नायू करत नाही, त्याचं जळण करतं. उपाशी पोटी प्यालेली अठ्ठावीसशेची भुकटी म्हणजे चुलीत घातलेलं सागवान. हे मी नाही काढलं. डॉ. पां. वा. सुखात्मे, साताऱ्याकडचे, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न संघटनेत काम केलेले संख्याशास्त्रज्ञ. जगभर "प्रोटीनची दरी, प्रोटीनची दरी" असा गलबला चालला होता, पावडरी-बिस्किटांच्या योजना निघत होत्या, तेव्हा ते म्हणाले की गरिबाच्या ताटात प्रोटीनच तेवढं कमी नाही, ताटच कमी आहे. रोग भुकेचा आहे, भुकेचं कारण दारिद्र्य आहे. 1974 पर्यंत विलायतेतल्या वैद्यकीय मासिकांतही प्रोटीनच्या त्या गलबल्याची खिल्ली उडू लागली.

पण थांबा. इथं पुन्हा आपल्याला अर्धं खरं गिळायची सवय. सुखात्म्यांनीच पुढं मांडलं की माणसाचं शरीर कमी अन्नाशी जुळवून घेतं. त्याचा धागा पकडून एका अमेरिकन अर्थतज्ज्ञानं 1980 च्या सुमारास सिद्धांत काढला : गरिबाची पोरं लहान चणीची असतात, पण निरोगी असतात. म्हणजे खुजं राहणं हे दुखणंच नाही! डॉ. गोपालन यांच्यासारखे पोषणतज्ज्ञ त्यावर तुटून पडले, आणि बरोबर तुटून पडले. ज्याच्या पोराला उंची मिळाली तो दुसऱ्याच्या पोराला सांगतो, तुला उंची काय करायची? ही भाषा आपण पूर्वी ऐकलेली आहे. तुला विद्या काय करायची, तुला जमीन काय करायची, तुला देऊळ काय करायचं. 2019 ते 21 च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या शंभर लेकरांत पस्तीस खुजी निघाली. हा आपला वाशिम नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतला. आकांक्षित म्हणजे काय तर मागास, फक्त शब्दाला इस्त्री केलेला.

आणि या जिल्ह्यात पिकतं काय? सोयाबीन. खरिपात नजर जाईल तिथं सोयाबीन. दाण्यात शंभराला चाळीसेक भाग प्रोटीन. तेल काढून घेतल्यावर उरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते, परदेशात जाते. 2024-25 ला सरकारी हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता आणि बाजारात त्याच्या खाली माल विकावा लागला. ज्या मातीतून प्रोटीनचे ट्रक भरभरून जातात, त्याच मातीतलं पोर प्रोटीनसाठी उसने पैसे काढतं. आपलं सोयाबीन कोंबडी खाते. कोंबडीचं अंडं तरी आपल्या लेकराच्या ताटात यावं? 2023 च्या नोव्हेंबरमध्ये सरकारनं शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं. न खाणाऱ्याला केळं. काही धार्मिक-शाकाहारी गट उठले, अंड्याला विरोध. 2025 च्या जानेवारीत सरकारनं अंड्याचे पैसे बंद केले. द्यायचंच असेल तर लोकवर्गणीतून द्या म्हणाले. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रोटीन. ते आठवड्यातून एकदा. तेवढंही कोणाच्या तरी सोवळ्यात आणि कोणाच्या तरी हिशेबात बसलं नाही.

पोराच्या डब्याकडं बघून मला मोठीमायच्या दोरीची आठवण झाली. लहानपणी तिच्या सासूनं, म्हणजे माझ्या आजीनं, अंगणात दोरी बांधलेली असायची आणि तिच्यावर वाळत घातलेल्या चान्या. मांसाच्या पट्ट्या. पावसाळ्यात काम नसलं, पीठ सरलं की चुलीत भाजून, कांद्यासंग. शाहू पाटोळ्यांनी 2015 मध्ये 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून ही सगळी चूल पुस्तकात आणली, नाहीतर आपल्या पोरांना हे शब्दसुद्धा राहिले नसते. त्याच 2015 मध्ये गोऱ्हे-बैल कापण्यावरही बंदीचा कायदा राज्यात लागू झाला. 2016 साली हायकोर्टानं बाहेरच्या राज्यातलं मांस बाळगण्याचा गुन्हा रद्द केला, पण कत्तलीची बंदी कायम ठेवली. गरिबाचं सगळ्यात स्वस्त मांस बाजारातून गेलं.

आता तुमच्यातला कोणी म्हणेल, पण बाबासाहेबांनीच सांगितलं होतं ना सोडा म्हणून? सांगितलं होतं. 1927 ला महाडला सांगितलं. काय सोडा म्हणाले ते नीट वाचा. मेलेल्या ढोराचं मांस सोडा म्हणाले. मांस बाटवतं म्हणून नव्हे. ते गुलामीचं वेतन होतं म्हणून. ढोर ओढायचं बलुतं आणि त्याची मजुरी ते मांस. फेकलेलं खाऊ नका, मिळवून खा, हा त्याचा अर्थ. 1948 च्या अस्पृश्यांवरच्या ग्रंथात तर त्यांनी गोमांसाचा आणि अस्पृश्यतेचा संबंध उकलून दाखवला. कोणी काय खाल्लं त्यावरून कोणाला गावाबाहेर घातलं, हे त्यांनी सांगितलं. आणि आपण काय केलं? अर्धं ऐकलं. आज आपल्याच नोकरदार घरांत पाहुण्यांना अभिमानानं सांगतात, "आमच्याकडं मटन चालत नाही." आजीच्या चान्यांची लाज आणि विलायती डब्याची शान. गायीचं मांस खाणारा पापी, गायीच्या दुधाची भुकटी पिणारा पैलवान.

ज्याला शाकाहारी राहायचं त्यानं राहावं. डाळ-सोयाबीनवर धडधाकट राहता येतं, वर हिशेब मांडलाच आहे. माझं भांडण शाकाहाराशी नाही. ज्याला खायचं त्याच्या ताटावर पहारा बसवणाऱ्याशी आहे.

तर मित्रहो, पुढचा सवाल असा की विश्वास ठेवायचा कोणावर? 2020 च्या मार्चमध्ये दिल्लीत कोरोनावर उपाय म्हणून गोमूत्राची पार्टी झाली. डब्यावरचा माणूस सांगतो, हे पी. सरकार सांगतं, हे टोच. आणि माझ्यासारखा कार्यकर्ता सांगतो, थांब. चौघेही तुमच्या शरीराबद्दल दावा करतात. बुद्धानं कालामांना सांगितलं होतं की ग्रंथात आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, सांगणारा गुरू आहे म्हणून मानू नका. आपण एवढंच पाठ केलं. त्याच्या पुढंही बुद्ध बोलला आहे : त्या गोष्टीनं दुःख वाढतं की कमी होतं ते स्वतः तपासा, मग धरा किंवा सोडा. म्हणजे शंका घेणं हे अर्धं काम. तपासणं हे उरलेलं अर्धं. मी शंका घेतली आणि तपास दुसऱ्यावर टाकला. "आधी त्यायच्या लोकायले घेऊ दे." मार्चअखेरपर्यंत लाखो लोकांनी लस घेतली होती. काय झालं त्यांचं, हे मी वाचायला पाहिजे होतं. दोघींपैकी दुसऱ्या लशीचे निकाल छापून आलेले होते, ते बघायला पाहिजे होते. नाही बघितले. टाळ्या आधीच मिळून गेल्या होत्या.

तेव्हापासून कोणताही दावा समोर आला की मी तीन सवाल विचारतो. हे कोणी मोजलं? यातून कमावतं कोण? आणि हे चुकलं तर मरतं कोण?

डब्याला विचारून बघा. मोजलं विकणाऱ्यानं, कमावलं विकणाऱ्यानं, चुकलं तर पैसे पोराचे गेले आणि पास बहिणीचा. अंडं बंद करणाऱ्याला विचारा. चुकलं तर खुजं राहतं लेकरू, आणि ठरवणाऱ्याचं लेकरू त्या शाळेत नाही. हाफकिनला विचारा. पहिली सुई त्यानं आपल्या अंगात घेतली, म्हणून त्याच्याशी बोलता येतं. तुरुंगातल्या कैद्यांबद्दल मात्र त्यालाही जाब विचारता येतो.

आणि मला विचारा. मी मोजलं नव्हतं. कमावल्या टाळ्या. चुकलो तेव्हा मी मेलो नाही, मोठीमाय मेली. माझं वय पस्तिशीचं होतं, कोरोना मलाही झाला, आठ दिवसांत उठलो. "थांब" म्हणण्याची जोखीम माझी नव्हतीच. मी तिच्या जिवावर शूर झालो होतो.

दुसऱ्याच्या शरीराबद्दल बोलायचा हक्क शंकेनं मिळत नाही. बाबासाहेबांनी आपल्याला शंका घ्यायला शिकवलं ते आपलं आपण ठरवावं म्हणून. मोठीमायच्या वतीनं मी ठरवलं, ते खम्ममच्या वॉर्डननं केलेल्या सहीपेक्षा किती वेगळं होतं? त्यानं "हो" लिहिलं, मी "नाही" लिहिलं. बाईला दोघांनीही विचारलं नाही. ती मला विचारायला आली होती, हे खरं. पण तिला माहिती पाहिजे होती आणि मी तिला हुकूम दिला.

शेवटी एक प्रसंग सांगतो. 2022 च्या नोव्हेंबरात मुंबईच्या गोवंडीत, भिवंडीत, नाशिककडच्या मालेगावात गोवर पसरला, त्या साथीत लेकरं गेली. गोवर हा कुपोषित पोराला शोधत येणारा रोग. ज्याच्या ताटात कमी, त्याच्या छातीत गोवर लवकर उतरतो. ताट आणि सुई ह्या दोन वेगळ्या लढाया नाहीत, हे तिथं कळतं. त्या डिसेंबरात राज्यात गोवर लशीची खास मोहीम निघाली. आमच्या आशाताईला मी म्हणालो, तुमच्यासोबत घरोघर येतो. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. काही बोलली नाही. म्हणाली, चला.

वस्तीतल्या एका घरी दोन लेकरांची माय दारातच उभी. मला बघून म्हणाली, "तवा घेऊ नोका म्हणत होता. आता घ्या म्हणता. पगार भेटते का तुम्हाले?"

मी म्हणालो, "नाही. तवा चुकलो मी. मोठीमाय माह्या सांगण्यानं थांबली."

ती बराच वेळ गप्प राहिली. मग माझ्याशी बोललीच नाही. आशाताईकडं वळली आणि विचारलं : यात काय असते? ताप आला तं काय करू? रातच्याले कोणाले फोन करू? आशाताईनं एकेकाचं उत्तर दिलं. ताप येऊ शकते, पुरळ येऊ शकते, दोन दिवसांत उतरते, ही गोळी अशी द्यायची, हा माझा नंबर. तिनं अजून दोन सवाल विचारले. मग आतून पोरं घेऊन आली.

मी दारात उभा होतो. माझं काम एवढंच होतं की तिच्या आणि उत्तराच्या मध्ये उभं राहायचं नाही.

तर आपापल्या गावात एवढं करा. लसीकरणाच्या दिवशी डॉक्टर-आशाताईला विहारात बोलवा, बायांना समोर बसवा, त्यांनी मनसोक्त विचारू द्या, आणि उत्तर मिळाल्याशिवाय उठू देऊ नका. संमतीचा कागद असेल तर तो मराठीत आणि मोठ्यानं वाचायला लावा. शाळेत अंडं बंद असेल तर पालकसभेत उठून विचारा, का बंद? वर्गणी काढायची वेळ आली तर काढा, पण सरकारचं काम आपण करतो आहोत हे लिहून कळवा. भरतीच्या पोरांना डब्याचा नाही, वड्या-दाण्याचा हिशेब शिकवा. आणि कोणी शिकलेला कार्यकर्ता तुमच्या मायला "थांब" म्हणाला, तर त्याला आधी विचारा, तू काय वाचलंस ते दाखव.

मलाही विचारा.

जयभीम.